पावसाचा हिशेब आणि मातीतील ओल

पावसाळा सरला, की आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो : यंदा पाऊस किती झाला? वर्तमानपत्रे त्याचे आकडे छापतात, कचेऱ्यांतून त्याचे तक्ते तयार होतात, आणि आकडा सरासरीच्या आसपास असला म्हणजे ‘साल बरे गेले’ असा निर्वाळा देऊन सर्व मंडळी मोकळी होतात. परंतु त्याच साली एखाद्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन पाहावे, तर दुबार पेरणीचे कर्ज, वाढ खुंटलेली पऱ्हाटी आणि हरभऱ्यापुरतीही ओल न राहिलेले शेत, असे निराळेच चित्र दृष्टीस पडते. आकडा खोटा नसतो आणि शेतकऱ्याचे गाऱ्हाणेही खोटे नसते. मग ही विसंगती येते कोठून? आमच्या मते तिचे कारण असे, की आपण आकाशातून पडलेले पाणी मोजतो. मातीत राहिलेले पाणी मोजीत नाही. हवामान पालटत चाललेल्या आजच्या काळात ही उणीव आपल्या जिल्ह्यास फार महाग पडत आहे. ती दूर करण्याच्या कामी शाळांनीच पुढे यावे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आदिलाबाद जिल्ह्यास कोणी कोरडा प्रदेश म्हटले, तर प्रथमदर्शनी ते पटणार नाही. उत्तरेस पैनगंगा वाहते, डोंगरांवर सागाचे रान आहे आणि वर्षाकाठी १००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सोलापूर किंवा माणदेश यांसारख्या अवर्षणप्रवण भागांत ५०० ते ६०० मिलिमीटरवर भागवावे लागते. त्यांच्या मानाने आपण श्रीमंतच म्हणावयाचे. परंतु या श्रीमंतीचा बहुतेक वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत हाती येतो आणि उरलेले आठ महिने मातीला शिलकीवर काढावे लागतात. वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा उघड्या भांड्यातील पाणी दिवसाकाठी १० मिलिमीटर व त्याहूनही अधिक आटते. सातनाला, मत्तडीवागू यांसारखे प्रकल्प आपल्याकडे आहेत. पैनगंगेवर चनाका-कोरटा येथे बंधाराही उभा राहिला आहे. तथापि जिल्ह्यातील पुष्कळशी शेती आजही पावसावरच अवलंबून आहे. अशा शेतीत दोन पावसांच्या मधले दिवस पीक कशाच्या बळावर काढते? केवळ मातीतील ओलीच्या.

ही ओल म्हणजे काय, हे थोडे नीट समजून घेतले पाहिजे. मातीच्या कणांमध्ये बारीक-मोठ्या पोकळ्या असतात. पाऊस पडला, की त्या पाण्याने भरतात. मोठ्या पोकळ्यांतील पाणी एक-दोन दिवसांत खाली निथरून जाते व तेथे हवा शिरते. बारीक पोकळ्यांतील पाणी कणांना चिकटून राहते. मुळांना पाणीही मिळावे आणि हवाही मिळावी, अशा या स्थितीस आपले शेतकरी ‘वाफसा’ म्हणतात. शास्त्रज्ञांनी ज्या गोष्टीची प्रयोगशाळेत मोजदाद केली, तिला आपल्या भाषेत पिढ्यान्पिढ्या एक नेमका शब्द आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. मूठभर माती दाबून तिचा लाडू करावा, तो कमरेइतक्या उंचीवरून सोडावा, आणि तो सहज फुटला तर वाफसा आला असे समजावे, ही परीक्षा आपल्यापैकी अनेकांनी घरच्या शेतावर पाहिली असेल.

सर्वच जमिनी सारखे पाणी धरीत नाहीत. पैनगंगेच्या काठची, जैनथ व बेला या बाजूची खोल काळी जमीन एक मीटर खोलीत पिकाच्या उपयोगी पडेल असे सुमारे २०० मिलिमीटर पाणी साठवू शकते. उलटपक्षी, उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर या डोंगराळ मुलुखातील बरड, मुरमाड जमिनीची खोलीच थोडी. तिच्यात ५० मिलिमीटरदेखील मावण्याची मारामार. आता कपाशीचे उदाहरण घेऊ. भर वाढीच्या दिवसांत तिला रोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर भरलेली खोल काळी जमीन तिला चाळीस दिवस पोसू शकेल. बरड जमीन मात्र दहा दिवसांतच हात वर करील. पाऊस दोन्हींवर सारखाच पडला असेल, पंधरा दिवसांची उघडीपही सारखीच असेल. तरी एका शेतात पीक उभे राहील आणि दुसऱ्यात माना टाकील. पर्जन्यमापकास हा भेद दिसत नाही.

हवामानबदलाचा घाव नेमका या ठिकाणी बसतो. त्याच्या दोन बाजू आहेत. पहिली बाजू पावसाच्या पडण्याची. हवा एक अंश सेल्सिअसने तापली, तर तिची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस येतो तेव्हा एकदम कोसळतो आणि मधल्या उघडिपी लांबतात. भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे म्हटले आहे, की १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, आणि १९५१ ते १९८० या काळाच्या तुलनेने १९८१ ते २०११ या काळात पावसाळ्यातील कोरडे खंड २७ टक्क्यांनी अधिक वेळा पडले. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या अवधीत दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवून दिले आहे. आपल्या जिल्ह्यात एकूण पाऊस घटला आहे, असे आमचे म्हणणे नाही. तो येण्याची रीत बिघडली आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दुसरी बाजू सुकण्याची. तापलेली हवा अधिक तहानलेली असते. ती मातीतून आणि पानांतून अधिक पाणी ओढून घेते. वरच्या उदाहरणातील कपाशीस ५ ऐवजी ६ मिलिमीटर लागू लागले, तर बरड जमिनीतील दहा दिवसांची शिदोरी आठ दिवसांतच संपेल. दोन दिवस ही गोष्ट ऐकण्यास क्षुल्लक वाटते. परंतु पात्या-फुले धरलेल्या पिकास ते दोन दिवस जन्ममरणाचे असू शकतात. म्हणजे पाऊस तितकाच पडला, तरीही ऊन वाढल्यामुळे ओल लवकर संपते.

२०२३ सालचा पावसाळा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. त्या वर्षी देशात जूनमध्ये पाऊस सरासरीपेक्षा ९ टक्के कमी झाला, जुलैत १३ टक्के अधिक झाला, ऑगस्टमध्ये ३६ टक्के कमी झाला आणि सप्टेंबरात पुन्हा १३ टक्के अधिक झाला. तो ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. चारही महिन्यांची गोळाबेरीज मात्र सरासरीच्या ९४ टक्के! नुसती बेरीज पाहणाऱ्यास सहा टक्क्यांची किरकोळ तूट दिसेल. आपल्या शेजारच्या कडम धरणाची त्या वर्षीची हकीकत तर सर्वश्रुत आहे. पूर्वीच्या अखंड आदिलाबाद जिल्ह्यातले व २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात मोडणारे हे धरण २०२२ च्या आणि २०२३ च्या जुलैत असे भरले, की पाणी बांधावरून वाहू लागले व खालच्या गावांतील लोकांस घरे सोडावी लागली. २०२३ साली तर त्यानंतर पुरता महिना उलटण्याच्या आत तेलंगणातील शेतकरी आकाशाकडे डोळे लावून बसले होते. जुलैचा पूर ऑगस्टच्या पिकास उपयोगी पडला नाही. कारण तो मातीत थांबला नाही.

येथे कोणी विचारील, की आपल्या काळ्या जमिनीला तर उन्हाळ्यात हातहात भेगा पडतात. मग पाणी आत का जात नाही? पहिल्या पावसाचे पाणी या भेगांतून खोलवर जाते, हे खरे आहे. पण काळी माती पाण्याने फुगते, भेगा मिटतात, आणि मग तिच्या अंगात पाणी फार सावकाश मुरते. अशा वेळी एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस कोसळला, तर एका हेक्टरावर १० लाख लिटर पाणी पडते. त्यातले निम्मे जरी वाहून गेले, तरी ५ लाख लिटर पाणी गेले, आणि ते एकटे जात नाही. ओढ्याचे पाणी गढूळ दिसते ते आपल्या शेताच्या वरच्या थरातील सुपीक मातीमुळे. ती माती गेली, की पुढील वर्षी पाणी धरण्याची जागाच कमी होते. अशा रीतीने एका वर्षीची अतिवृष्टी दुसऱ्या वर्षीच्या अवर्षणास निमंत्रण देत असते.

या साऱ्याचा भार कोणावर पडतो, हे विद्यार्थ्यांस सांगावयास नको. मृगाचा एखादा पाऊस होताच सरकी टोकली जाते. काही जण तर त्याआधीच धूळपेरणी करतात. मग उघडीप पडते, कोवळे मोड करपतात आणि बियाण्याचे पैसे दुसऱ्यांदा काढावे लागतात. ते पैसे घरात नसतात. सावकाराच्या किंवा दुकानदाराच्या वहीतून येतात. ज्याची जमीन खोल आहे तो कसाबसा निभावतो. ज्याची बरड आहे तो बुडतो. त्यात डोंगरकपारींतील गोंड व इतर आदिवासी कुटुंबे पुष्कळ असतात, तशीच आपल्या मराठीभाषक गावांतील अल्पभूधारक कुटुंबेही असतात. घरचे गणित बिघडले, की पुस्तकांचा खर्च आधी तोडला जातो, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गातील काही बाके रिकामी राहू लागतात. मातीतील ओलीचा आणि शाळेच्या पटाचा असा संबंध आहे. म्हणून हा विषय केवळ शेतकी खात्याचा आहे असे समजून आम्हांस स्वस्थ बसवत नाही.

यावर काही विचारी मंडळींचे मत असे, की मोठे बंधारे पुरे करावेत, कालवे काढावेत, म्हणजे प्रश्न मिटेल. बंधारे हवेत, याविषयी आमचे दुमत नाही. पण पैनगंगेचे पाणी उटनूरच्या पठारावरील प्रत्येक वावरात जाईल, असे कोणी मनात आणू नये. कालव्याचे पाणीही शेवटी मातीतच ठेवावे लागते, आणि माती उथळ व निःसत्त्व असेल तर तेही वाया जाते. प्रत्येक शेताला निसर्गाने जन्मतःच एक जलाशय दिला आहे. तो म्हणजे त्याची माती. तो बांधावयास सिमेंट लागत नाही व त्याच्यासाठी कोणाचे गाव उठवावे लागत नाही.

दुसरे काही जण म्हणतात, की हवा तापविली ती मोठमोठ्या कारखानदार राष्ट्रांनी. तिचे निवारण खेड्यातल्या माणसाने काय करावे? या म्हणण्यात न्याय आहे. ज्यांनी धूर अधिक सोडला, त्यांनी भार अधिक उचलावा, अशी मागणी आपल्या देशाने जागतिक परिषदांतून केली आहे व ती रास्तच आहे. पण तो न्याय मिळेपर्यंत मृग नक्षत्र थांबणार नाही. हवेचे तापमान आपल्या हाती नसले, तरी पडलेला थेंब आपल्या शेतात किती काळ थांबावा, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

त्याचे उपायही अपरिचित नाहीत. उताराला आडवी पेरणी करावी. कपाशीच्या दोन ओळींमध्ये डवऱ्याला दोरी गुंडाळून सरी पाडावी, म्हणजे पाणी तेथे थबकते. पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने काळ्या जमिनींसाठी रुंद वरंबा व सरी ही पद्धत अभ्यासली. तिच्यायोगे जास्तीचे पाणी सरीतून हळूहळू निघून जाते आणि वरंब्यावर वाफसा टिकतो. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ ही म्हण तर आपल्या वाडवडिलांचीच. वरची माती मोकळी केली, की भेगा बुजतात आणि खालची ओल वर चढून उडून जात नाही. कपाशीबरोबर तूर घ्यावी. तिची मुळे खोल जाऊन खालच्या थरातील पाणी वापरतात व तिचा पाला जमिनीवर गळतो. पऱ्हाट्या जाळून टाकण्याऐवजी बारीक करून मातीत मिसळाव्यात. सेंद्रिय अंश वाढला, की माती पाणी अधिक शोषते व अधिक काळ धरते. यांपैकी कोणताही उपाय एका वर्षात चमत्कार घडविणारा नाही. वर्षानुवर्षे केल्यानेच त्यांची फळे दिसतात, आणि म्हणूनच कदाचित त्यांचा डांगोरा पिटला जात नाही.

तथापि या सर्वांआधी मोजणी हवी, असा आमचा आग्रह आहे. महाराष्ट्रातील अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार नावाचे गाव आहे. तेथील लोक गावात पडलेला पाऊस मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्या वर्षी कोणती पिके घ्यावयाची ते त्यावरून ठरवितात. अवर्षणग्रस्त गावाने मोजणीच्या शिस्तीवर केलेली ही उन्नती आहे. आपल्या राज्यात स्वयंचलित हवामान केंद्रे मंडलोमंडली बसविलेली आहेत, त्यामुळे पाऊस व तापमान घरबसल्या कळते. अवकाशातून मातीची ओल पाहणारे उपग्रहही आहेत : अमेरिकेने २०१५ साली सोडलेला ‘स्मॅप’ आणि भारत व अमेरिका यांनी मिळून ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेला ‘निसार’ हे त्यांपैकी होत. पण ‘स्मॅप’ला दिसतो तो मातीचा वरचा पाच सेंटिमीटरांचा थर. मुळे त्याखाली असतात. तेथे काय चालले आहे, ते पाहण्यास अजूनही कुदळ लागते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने मातीतील ओलाव्यास दुष्काळाच्या निर्देशकांत स्थान दिले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु गावोगावी ओल मोजण्याचा परिपाठ नसेल, तर ते स्थान कागदावरच राहील.

हा परिपाठ शाळांनी घालावा, अशी आमची सूचना आहे. त्यास मोठा खर्च नाही. पावसाळाभर दर आठवड्यास एकाच ठरलेल्या वारी जवळच्या दोन-तीन शेतांतून, मालकाची परवानगी घेऊन, एक वीत, एक हात आणि दीड हात अशा तीन खोलींवरची माती झाकणाच्या डबीत आणावी. तिचे वजन करावे. १०५ अंश तापमानाच्या भट्टीत ती २४ तास वाळवावी आणि पुन्हा वजन करावे. १२० ग्रॅमची माती वाळून १०० ग्रॅम भरली, तर ओल २० टक्के. एवढे गणित सातवीच्या मुलासही येते. मात्र ही २० टक्के ओल बरड मातीत भरपूर समजावी, आणि भारी काळ्या मातीत तीच पिकाच्या सुकण्याच्या सीमेजवळ आलेली असते. कारण काळ्या मातीचे बारीक कण पुष्कळसे पाणी स्वतःशीच घट्ट धरून ठेवतात. म्हणून प्रत्येक जमिनीची नोंद वेगळी ठेवावी. शेजारी पावसाचा आकडा लिहावा, पिकाची स्थिती लिहावी, आणि तो तक्ता शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. पेरणीची घाई करावी की चार दिवस थांबावे, या प्रश्नास त्या तक्त्याने काही आधार मिळाला, तरी एखाद्या घराचे दुबार बियाण्याचे पैसे वाचतील. अशा दहा वर्षांच्या वह्या जमल्या, तर आदिलाबाद येथील कृषी संशोधन केंद्रासही त्या पाहाव्याशा वाटतील, आणि मदतीची मागणी करताना गावाच्या हाती गाऱ्हाण्याबरोबर पुरावाही असेल.

विद्यार्थिमित्रहो, भूगोलाच्या पुस्तकात आपण जगातील वाळवंटांची नावे पाठ करतो; परीक्षेत त्यांस गुणही मिळतात. आपल्या पायाखालच्या मातीत या आठवड्यात किती पाणी आहे, हा प्रश्न मात्र कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही. त्याचे उत्तर आपल्या घरच्या माणसांना मात्र दर पावसाळ्यात, तेही पदरचे पैसे लावून, द्यावे लागते. ते उत्तर अंदाजाऐवजी मोजून देता यावे, एवढे साहाय्य आपण त्यांस निश्चित करू शकतो. येत्या मृगापूर्वी ज्या शाळेत माती मोजण्याच्या डब्या, एक तराजू आणि एक कोरी वही तयार असेल, त्या शाळेने आपल्या गावाची मोठीच सेवा केली, असे आम्ही समजू.